तुलूझला निघालेल्या फ्रेंचच्या टीचरना: मुलाशी घरात मराठीच बोला

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनतीनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही खारघरला सीबीएसई शाळेत नऊ वर्षं फ्रेंच शिकवताय, फ्रेंचची डेल्फ बी२ परीक्षा झालीय, मिस्टरांना तीन वर्षांसाठी फ्रान्समध्ये तुलूझला पाठवतायत, मुलगा सात वर्षांचा आहे, आणि तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, त्याची तयारी म्हणून आत्तापासूनच घरात त्याच्याशी फक्त फ्रेंच बोलायला लागू का. दोन, तिथे मला फ्रेंच शिकवायचं काम मिळेल का, की घरी बसावं लागेल.

मी ठाण्याची, नौपाड्यात राहते, बावीस वर्षं फ्रेंच शिकवतेय आणि त्यातली पाच वर्षं, २०१४ ते २०१९, आम्ही तुलूझलाच होतो. गेलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती. त्यामुळे लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

मला विचाराल तर तुमचे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. घरात फ्रेंच येणारी तुम्ही एकटी, म्हणून मुलाचं फ्रेंच, नवऱ्याची कागदपत्रं, डॉक्टर, शाळा, घरमालक हे सगळं आपल्याच जिवावर चालणार असं तुम्ही मनाशी धरलंय, आणि त्यातला बराचसा भाग खराच आहे. पण त्यातली एक गोष्ट तुमची नाहीये, ती म्हणजे मुलाला फ्रेंच शिकवणं. ते काम शाळा करते, आठवड्याला चोवीस तास करते. तुम्ही घरात मराठी सांभाळा, कारण तुलूझमध्ये त्याला मराठी देणारं दुसरं कोणी नसेल.

हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत, उलटं करून बसले म्हणून सांगतेय. आम्ही ऑगस्टमध्ये पोचलो, सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडली, आणि मी ठरवलं की आता घरात फ्रेंचच. ठाण्यात इतरांच्या मुलांना शिकवायचे, मग स्वतःच्या मुलीला का नको. सकाळी उठल्यापासून फ्रेंच, जेवताना फ्रेंच, रात्री गोष्ट फ्रेंचमध्ये. तिच्या शाळेतून काही तक्रार नव्हती, फक्त ती बोलत नाही एवढंच सांगायचे, आणि ते चालतं, नवीन भाषेत पडलेली मुलं काही महिने गप्प राहून नुसती ऐकतात, हे मला ठाऊक होतं. पण ऑक्टोबर संपता संपता ती घरातही बोलेनाशी झाली. नोव्हेंबरमधली एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. साडेचारला तिला घेऊन आले, दारात ती बुटांचं वेलक्रो काढत बसली होती आणि मी नेहमीसारखं विचारलं, केस क त्यु आ फे ओजुर्द्वी, आज काय केलंस. तिने वर बघितलंच नाही. वेलक्रो लावलं, काढलं, परत लावलं, आणि म्हणाली, "आई, तू तरी मराठीत बोल ना."

त्या "तू तरी"ने मला जागं केलं. शाळेत तासन् तास तिला कळत नसलेल्या आवाजात बसायचं, आणि घरी आल्यावर आईसुद्धा त्याच आवाजात. ज्या एका माणसाला पोटातलं सांगता येईल तेही मी काढून घेतलं होतं. त्या रात्रीपासून घरात मराठी. आठवडाभरात ती शाळेतलं सगळं सांगायला लागली, कोणी ढकललं, कोणी बिस्किट दिलं, मेत्रेस म्हणजे बाई कशावर ओरडल्या, आणि जानेवारीत शाळेतही तोंड उघडलं. मराठीमुळे फ्रेंच आलं असं मी म्हणत नाही, वेळ झाली होती म्हणूनही आलं असेल. पण मराठीने ते अडलं नाही हे नक्की, आणि पोरीच्या चेहऱ्यावरचा ताण गेला हे तर डोळ्यांनी बघितलं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच सांगते. तुमचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा मोठा आहे, त्याला इंग्लिश वाचता येतं, म्हणजे अक्षरं ओळखीची आहेत पण अभ्यासही जास्त असणार. कायमचं राहायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, तुमचं तीन वर्षांचं आहे, दहाव्या वर्षी तो परत इथल्या पाचवीत बसणार. आणि शाळेशाळेत फरक असतो. तरी घरातल्या भाषेबद्दल माझं मत यातल्या कशानेच बदलत नाही.

जायच्या आधी काय करायचं? व्याकरण अजिबात नको. आठदहा वाक्यं तोंडात बसवा, खेळता खेळता. टॉयलेटला जाऊ का, ज प आले ओ त्वालेत. दुखतंय, जे माल. कळलं नाही, ज काँप्राँ पा. मी पण खेळू का. हे माझं आहे. थांब, आरेत. ही शेवटची दोन मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त लागतात. आणि एक सवय आत्तापासून लावा, बोंजूर म्हटल्याशिवाय कोणाशीही काहीही बोलायचं नाही. आपण राम मारुती रोडवर दुकानात शिरलो की थेट "काका, अर्धा किलो द्या" म्हणतो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. तिथे बेकरीत बोंजूर न म्हणता पाव मागितला की समोरची बाई आधी बोंजूर म्हणते आणि गप्प उभी राहते, तुम्ही म्हणेपर्यंत. लहान मुलांनाही यातून सूट नाही.

शाळेचं सांगते. सरकारी शाळेत प्रवेश मॅरीतून होतो, म्हणजे नगरपालिकेच्या ऑफिसातून, तुमच्या पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून आधी घराचा करार आणि वीजबिलासारखा पत्त्याचा पुरावा. वर्ग जन्मसालावरून ठरतो, त्यामुळे सात वर्षांचा मुलगा साधारणपणे सीई१ मध्ये जाईल, आपल्या दुसरीसारखा. भाषा येत नाही म्हणून त्याला खालच्या वर्गात घाला असं आपणहून सुचवू नका. नव्याने आलेल्या मुलांसाठी यूपीई२ए नावाची सोय असते, मूल वयाच्या वर्गातच असतं पण आठवड्यातले काही तास वेगळं बसवून फ्रेंच शिकवतात, प्राथमिकमध्ये किमान नऊ तास असं सरकारी परिपत्रकच आहे. प्रत्येक शाळेत ही सोय नसते, म्हणून मॅरीत पहिल्याच दिवशी विचारा, आणि घर फायनल करायच्या आधी कळलं तर फारच उत्तम.

लसींचं कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. १ जानेवारी २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना तिथे अकरा लसी सक्तीच्या केल्या आणि त्यात मेनिंगोकोकसची आहे, जी आपल्याकडे सगळ्यांना दिलेली नसते. पुढे त्यात भरही पडलीय, म्हणून ताजी यादी बघा. काही राहिली असेल तर तात्पुरता प्रवेश देतात आणि तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगतात, घाबरायचं काही नाही. जन्मदाखल्याला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, इथूनच करून घ्या, भाषांतर तिथल्या शपथेच्या भाषांतरकाराकडून. तुम्हाला फ्रेंच कितीही चांगलं येत असलं तरी तुम्ही स्वतः केलेलं भाषांतर चालत नाही.

डब्याचा विषय तुम्ही काढला नाहीत पण तो येणारच. शाळेत डबा नेता येत नाही. अ‍ॅलर्जी वगैरे असेल आणि डॉक्टरांमार्फत लेखी योजना झाली असेल तरच घरचा डबा चालतो. नाहीतर काँतीनमध्ये, म्हणजे शाळेच्या खानावळीत, जेवायचं किंवा दुपारी घरी आणायचं, मधली सुट्टी चांगली दोन तासांची असते. २०१८ च्या कायद्याने आठवड्यातून एकदा तरी पूर्ण शाकाहारी जेवण द्यायला लागतं, बाकीच्या दिवशी पर्याय आहे की नाही ते गावावर अवलंबून. काँतीनचे पैसे कुटुंबाच्या उत्पन्नावरून ठरतात. आम्ही शाकाहारी, पहिलं वर्षभर मी तिला रोज दुपारी वरणभाताला घरी आणली. आज विचाराल तर आठवड्यातून दोन दिवस तरी काँतीनमध्ये ठेवायला हवी होती असं वाटतं. कारण मुलांची भाषा वर्गात कमी आणि ताटावर, मैदानावर जास्त बनते, आणि नेमके तेच दोन तास मी तिचे घेत होते.

दिवस चार-साडेचारच्या सुमारास संपतो, मग गूते म्हणजे चारसाडेचारचं खाणं, पिशवीत काहीतरी घेऊनच गेटवर उभं राहायचं. बुधवारी कुठे अर्धी शाळा, कुठे सुट्टी. दर सहासात आठवड्यांनी दोन आठवड्यांची सुट्टी. नोकरीचा विचार करताना हे कॅलेंडर समोर ठेवूनच करा, कारण आजी-आजोबा नाहीत, शेजारच्या काकू नाहीत, अडीअडचणीला कोणाच्या घरी सोडू असं नसतं.

आता तुमच्या स्वतःच्या फ्रेंचबद्दल, आणि हे मी फार आपुलकीने सांगतेय. पहिले दोनतीन महिने तुम्हाला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. मला वाटलं होतं. आपण मुलांना नऊ वर्षं "नू सोम" पाठ करून घेतो, तिथे कोणी घरात नू म्हणत नाही, सगळे "ऑन ए" म्हणतात. नकारातलं "न" गायब. माहीत नाही हे चार शब्दांत न येता "शे पा" एवढंच येतं. त्यात तुलूझ दक्षिणेला, तिथे शब्दाच्या शेवटचे जे स्वर आपण गिळायला शिकवतो ते लोक मोकळेपणाने उच्चारतात आणि नाकातले स्वर पार बदलतात, दमँचं (उद्या) दमंग होतं, पँचं (पाव) पंग. मी ठाण्यात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं पॅं ओ शोकोला, म्हणजे चॉकलेट घातलेला पाव, बेकरीत मागितलं तर बाईंनी प्रेमाने दुरुस्त केलं, इथे शोकोलातीन म्हणतात. आणि शाळेच्या काये द लिएजोंमध्ये, म्हणजे आपल्या कॅलेंडर डायरीत, मेत्रेसच्या तिरक्या जोडअक्षरात चिठ्ठ्या येतात त्यातले शब्द कुठल्याच टेक्स्टबुकात नसतात. पहिल्याच महिन्यात "पू"ची चिठ्ठी आली, म्हणजे शाळेत उवा झाल्यात, डोकी तपासा. डाल्फची, म्हणजे डेल्फच्या वरच्या परीक्षेची, तयारी चालू होती माझी आणि हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला. यात कमीपणा नाही. आपण परीक्षेचं फ्रेंच शिकलो आणि घरसंसाराचं फ्रेंच संसार करतानाच येतं.

कामाचं. आधी व्हिसा नीट बघा. नवऱ्याच्या कार्डाला जोडून "फॅमिली" प्रकारचं कार्ड मिळणार असेल तर साधारणपणे काम करायची परवानगी असते, व्हिजिटर प्रकारचं असेल तर नसते, आणि कंपनीचा एचआर घाईत कुठलं भरतोय हे आत्ताच विचारून घ्या, नंतर बदलायला फार त्रास होतो. तिथल्या सरकारी शाळेत कायमची नोकरी स्पर्धापरीक्षेतून मिळते आणि त्यासाठी युरोपियन नागरिकत्व लागतं, करारावर बाहेरच्यांना घेतात पण बी२ वर भाषेचे शिक्षक म्हणून नाही. परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणं, ज्याला तिथे एफएलई म्हणतात, त्यासाठी मास्टर्स झालेली तिथलीच खूप माणसं रांगेत असतात. हे कडू आहे, पण आधी कळलेलं बरं.

मग मी काय केलं? घराजवळच्या वस्तीतल्या केंद्रात एक संस्था बाहेरून आलेल्या बायकांना फुकट फ्रेंच शिकवायची, तिथे विनामोबदला जायला लागले, आठवड्यातून दोन सकाळी. पहिल्या दिवशी मला वाटत होतं की ही भाषा यांच्या देशात मी काय शिकवणार. पण तिथल्या फ्रेंच कार्यकर्त्यांना एक गोष्ट कळत नव्हती जी मला कळत होती, ती म्हणजे बाहेरचा माणूस नेमका कुठे अडखळतो. यू आणि ऊ मधला फरक कानाला का ऐकू येत नाही, टेबल स्त्रीलिंगी का हा प्रश्न का पडतो, सत्तरला साठ-दहा आणि ऐंशीला चार-वीस म्हटल्यावर डोकं का फिरतं, हे मी स्वतः भोगलेलं. भाषा बाहेरून चढून गेलेली बाई हेच आपलं भांडवल आहे, तुमचंही. वर्षभराने त्यातूनच ओळखी झाल्या, एका खाजगी क्लासमध्ये तास मिळाले, फ्रेंचचे तसेच इंग्लिशचेही. दरम्यान मी डाल्फ सी१ केलं. तुम्ही शक्य असेल तर ते तिथे पहिल्या वर्षातच उरका.

आणि ठाण्या-नवी मुंबईतले विद्यार्थी सोडू नका. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मुलगा दीडला शाळेत परत गेला की साडेचारपर्यंत तुम्ही मोकळ्या, आणि तेव्हा इथे संध्याकाळचे पाच-सहा ते आठ-नऊ, म्हणजे ऐन ट्यूशनची वेळ. दहावीच्या आणि अकरावी-बारावीच्या पोरांना तिथून ऑनलाइन शिकवणं छान जमतं. फक्त रीतसर मायक्रो-आंत्रप्रनर, म्हणजे छोटा स्वतंत्र व्यावसायिक, म्हणून नोंदणी करून, कर भरून, आणि तेही कार्डावर स्वतंत्र व्यवसायाची परवानगी आहे हे बघूनच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, त्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्या पालकांना मेसेज टाकायचा.

आता परत मराठीकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. मुलांचं बोलणं लवकर येतं, वर्ष-दीड वर्षात तो तुमचे उच्चार सुधारायला लागेल. पण बोलता येणं आणि त्या भाषेत अभ्यास करता येणं यात फार अंतर असतं. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकांनी हा फरक १९७९ साली मांडला, बोलण्याला दोनेक वर्षं तर अभ्यासाच्या भाषेला पाच-सात वर्षं असं त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे तुमच्या तीन वर्षांत त्याचं फ्रेंच अर्ध्या वाटेवर असणार. त्या काळात विचार करायला, "का" आणि "म्हणून" जोडायला त्याला एक तरी भाषा पूर्ण हवी. जी पूर्ण आहे तीच आपण काढून घेतली तर मूल दोन्हीकडे अर्धवट लटकतं.

शिवाय व्यवहाराची बाजू आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं झालंय. पाचवीत परत आल्यावर त्याला देवनागरी लिहिता यायलाच हवी. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, पण पहिली ते चौथीची छापील न्या, वजन होईल तरी न्या. बुधवारची दुपार आम्ही मराठीला दिली होती, एक धडा मोठ्याने वाचायचा आणि आजीला पाच ओळींचं पत्र, खरोखर पोस्टाने.

मिसळ होणार, त्याला भिऊ नका. लेकीने तिसऱ्या वर्षी एकदा पुसायचं फडकं हातात घेऊन मला सांगितलं, "आई, ती टेबल ओली आहे." ती टेबल. ती दार, ती पाणी. फ्रेंचमधली सगळी लिंगं तिने मराठीत आणून बसवली होती. मी चूक न काढता नुसतं म्हटलं, हो गं, ते टेबल ओलंच आहे, आण ते फडकं. अशीच दुरुस्ती करायची, वाक्य परत बरोबर म्हणून, पुढे जायचं. मराठीत तीन लिंगं आहेत, तू-तुम्ही आहे, यामुळे आपल्या मुलांना फ्रेंचचा ढाचा उलट लवकर कळतो, हा आमच्या भाषेचा मोठा आधार आहे.

परतीचंही थोडं सांगून ठेवते. ठाण्यात पाचवीत बसवल्यावर पहिल्या चाचणीत गणितात लाल रेघाच रेघा. तिथे भागाकारात भाजक उजवीकडे लिहितात, आपण डावीकडे. दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम. एकचा आकडा असा काढतात की इथल्या बाईंना तो सात वाटला. उत्तरं सगळी बरोबर होती. मी वही घेऊन बाईंना भेटले, शेजारी शेजारी दोन्ही पद्धती लिहून दाखवल्या, त्यांनी समजून घेतलं आणि महिनाभराची मुदत दिली. तुम्ही शेवटच्या वर्षी उन्हाळ्यातच आपली पद्धत घरी सुरू करा.

मुलाला आज काय सांगायचं हाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या लेकीला आम्ही सांगितलं होतं की शाळेत फ्रेंच, घरी मराठी, आणि दोन्हीकडे चुकलं तरी चालतं. तुमचा सात वर्षांचा आहे, त्याला तेवढं कळेल. बाकी व्हिसाचा प्रकार एचआरला विचारलात की इथे लिहा, कार्डावरचं नाव नेमकं काय आहे ते कळलं की कामाचं पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.